जबड्याची शस्त्रक्रिया आणि दुसरा आठवडा

वरचा जबडा मागे राहिला आणि खालचा पुढे आला, किंवा तोंड मिटल्यावरही समोरच्या दातांत फट राहिली, तर मनुष्यास घास नीट तोडता येत नाही, शब्दोच्चार सदोष होतात, आणि शाळेत सवंगड्यांच्या चेष्टेचा विषय व्हावे लागते ते वेगळेच. ग्रेट ब्रिटनमध्ये अशा तरुण-तरुणींचा जबडा कापून योग्य जागी बसविण्याची शस्त्रक्रिया राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या, म्हणजे एन.एच.एस.च्या, रुग्णालयांत होते. केवळ सौंदर्यवृद्धीसाठी ती तेथे करीत नाहीत. चावणे, बोलणे अथवा श्वास घेणे ह्यांत खरी अडचण असावी लागते. हाडांची वाढ पुरी होईपर्यंत थांबावे लागते, आणि त्याआधी वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ दातांना तारा बांधून ते रांगेत आणावे लागतात. एवढ्या तपश्चर्येनंतर शस्त्रक्रियेचा दिवस उगवतो. बहुतेक रुग्ण एक-दोन रात्री रुग्णालयात काढून, सुजलेल्या चेहऱ्याने का होईना, आपल्या पायांनी घरी परततात. घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात आणि गंडांतर टळले असे समजतात.

शंभरांतील बहुतेक सर्वांच्या बाबतीत ते खरेच टळलेले असते. परंतु थोड्यांच्या बाबतीत, अगदी थोड्यांच्या, आठव्या, दहाव्या किंवा बाराव्या दिवशी, सूज उतरून रुग्ण पातळ खिचडी खाऊ लागलेला असताना, एकाएकी नाकातून लालभडक रक्त वाहू लागते. हे रक्त कोठून येते, इतक्या उशिरा का येते, आणि ते आल्यावर घरच्या माणसांनी काय करावे, ह्याची माहिती आपल्या समाजात फारशी कोणास नाही. शस्त्रक्रिया झाली, टाके पडले, संपले, असा आपला साधा हिशेब असतो. ह्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत तो हिशेब पुरा नाही.

ही गोष्ट नीट समजण्यासाठी एका जुन्या घटनेपासून आरंभ करणे सोयीचे होईल. ती घटना पुण्याजवळची आहे आणि तिचा नायक आपल्या पूर्वजांसारखाच कष्टकरी होता. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या हाती सापडला. सुलतानाने त्याचे नाक आणि एक हात कापून टाकला. वर्षभर बिननाकाचे जिणे जगल्यावर पुण्याजवळच्या एका विटा घडविणाऱ्या कारागिराने, बहुधा कुंभाराने, त्याला नवे नाक करून दिले. त्याने मेणाचे नाक घडविले, ते उलगडून कपाळावर पसरले, त्याच्या कडेने रेघ आखली आणि तेवढी कातडी कपाळावरून सोडविली. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मधोमध कातडीचा एक अरुंद देठ तसाच राखला. मग ती कातडी देठावर वळवून खाली आणली आणि तुटलेल्या नाकाच्या जागी बसविली. सांध्यावर कात पाण्यात कालवून लावला, तोच कात, जो विड्यात घालतात. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवी कातडी जुन्या मांसाशी एकजीव झाल्यावर, तो देठ कापला. ही हकीकत लंडनच्या जंटलमन्स मॅगझिन ह्या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू ह्या शस्त्रवैद्याने १८१४ साली चेल्सी येथील लष्करी रुग्णालयात तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. ज्याच्या हातांनी हे कसब युरोपला दिले त्या कारागिराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

ह्या हकीकतीतील मर्म त्या देठात आहे. कातडी जागची हलविली तरी देठातून रक्त येत राहते, म्हणून ती कुजत नाही. शरीराचा भाग हलवावा, पण त्याचा रक्तपुरवठा तोडू नये, हा तो नियम होय. पहिल्या महायुद्धात हॅरोल्ड गिलीज ह्या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या शस्त्रवैद्याने लंडनजवळच्या सिडकप येथे १९१७ साली उघडलेल्या क्वीन्स हॉस्पिटलात ह्याच नियमाच्या आधाराने छिन्नभिन्न चेहरे पुन्हा घडविले. तेथे ५,००० हून अधिक सैनिकांवर मिळून ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. पुढे ह्याच गिलीज ह्यांनी हॅरिसन ह्यांच्यासह, चेहऱ्याचा संपूर्ण मधला भाग हाडासकट सोडवून पुढे आणल्याची एक शस्त्रक्रिया १९५० साली प्रसिद्ध केली.

चेहऱ्यात रक्त मुबलक असते. म्हणूनच चेहऱ्याची जखम लवकर भरते, आणि म्हणूनच ती वाहतेही फार. सिडकपला गिलीज ह्यांच्या जोडीला विल्यम केल्सी फ्राय हे दंतशस्त्रवैद्य होते. युद्धाच्या आघाडीवर डॉक्टर असताना त्यांनी एका जबडा फुटलेल्या सैनिकाला, डोके पुढे झुकवून, मदतकेंद्रापर्यंत चालवीत आणले होते. ते परत वळले न वळले तोच त्या सैनिकाला स्ट्रेचरवर उताणे निजविण्यात आले, आणि तो गुदमरून मरण पावला. तेव्हापासून जबड्याच्या जखमी माणसास उताणे निजवू नये, बसवून पुढे झुकवावे, ही शिकवण रूढ झाली. तिचे काम आजच्या घरातही पडते, ते पुढे येईलच.

आता जबड्याकडे वळू. १९०१ साली फ्रान्समध्ये रने ल फोर ह्या डॉक्टरांनी पस्तीस मृत शिरांवर निरनिराळ्या दिशांनी आघात करून पाहिले आणि चेहऱ्याची हाडे ठराविक तीन रेषांवरच फुटतात असे दाखवून दिले. त्यांतील सर्वांत खालची रेषा वरच्या दातांच्या मुळांवरून आडवी जाते. अपघातात हाड जेथे फुटते तेथेच ते शस्त्राने मुद्दाम कापावे, हा विचार पुढे आला. जर्मनीत वासमुंड ह्यांनी १९२७ साली आणि आक्सहाउझेन ह्यांनी १९३४ साली ही शस्त्रक्रिया केली. पण वरचा जबडा पूर्ण मोकळा करून हव्या त्या जागी बसविण्याचे धैर्य झुरिचच्या ह्यूगो ओबवेगेसर ह्यांनी १९६० नंतरच्या काळात दाखविले. खालच्या जबड्याचे हाड पोथीची पाने विलग करावीत तसे उभे चिरून पुढेमागे सरकविण्याची युक्तीही त्यांचीच. ती ट्राउनर ह्यांच्यासह १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली.

वरचा जबडा असा सगळा खाली उतरविल्यावर तो जिवंत राहतो कसा, हा प्रश्न साहजिकच अनेकांना पडला. त्याचे उत्तर अमेरिकेत टेक्सासच्या विल्यम बेल ह्यांनी माकडांवर प्रयोग करून दिले, ते १९७५ च्या सुमारास सर्वमान्य झाले. हाड चोहोंकडून सुटले तरी टाळूची मऊ त्वचा आणि गालाकडील हिरड्यांची त्वचा त्याला चिकटून असते, आणि तिच्यातील बारीक वाहिन्यांतून हाडाला रक्त मिळत राहते. टाळूकडे उतरणारी मुख्य धमनी शस्त्रक्रियेत बांधून टाकावी लागली तरी घशाकडून व मानेकडून येणाऱ्या लहान शाखा तिचे काम सांभाळतात. म्हणजे पुण्याच्या कारागिराने जो देठ राखला, तोच येथे टाळूच्या रूपाने राखलेला असतो. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याचा विधी आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. मात्र एवढ्यावरून आधुनिक जबड्याची शस्त्रक्रिया आपल्या पूर्वजांना अवगत होती असे म्हणणे हा फुकटचा अभिमान होईल. नियम जुना आहे, कृती नवी आहे.

तो देठ दुबळा झाला तर काय होते, हेही सांगितले पाहिजे. जबडा एकाऐवजी तीन-चार तुकड्यांत कापला, फार दूर सरकविला, किंवा रुग्ण विड्या-सिगारेटी ओढणारा असला, तर रक्त अपुरे पडून हिरडी फिकी वा निळसर होते, आणि क्वचित हाडाचा तुकडा व दात गमवावे लागतात. म्हणून धूम्रपान आधीच सोडा असे डॉक्टर बजावतात. तरुण मुले वडीलधाऱ्यांपासून ही सवय लपवितात. निदान शस्त्रवैद्यापासून तरी ती लपवू नये.

परंतु ह्या लेखाचा मुख्य विषय रक्त कमी पडण्याचा नसून ते नको तेव्हा वाहण्याचा आहे.

मानेतून वर जाणाऱ्या बाह्य धमनीची एक मोठी शाखा खालच्या जबड्याच्या मागून आत शिरते आणि वरच्या जबड्याच्या पाठीमागील एका अरुंद खळग्यात जाऊन अनेक फांद्यांत विभागते. एक फांदी हाडातील नळीतून टाळूकडे उतरते, दुसरी नाकाच्या मागच्या भागाला रक्त देते. वरचा जबडा मोकळा करताना त्याचा मागचा जोड वाकड्या छिन्नीने सोडवावा लागतो, आणि हा जोड त्या खळग्याला लागूनच असतो. अमेरिकन शस्त्रवैद्य टर्व्ही आणि फोन्सेका ह्यांनी १९८० साली मोजून दाखविले, की जोडाच्या खालच्या टोकापासून मुख्य धमनी सरासरी सुमारे २५ मिलिमीटर उंचीवर असते. बोटाच्या एका पेराएवढे हे अंतर झाले. निष्णात हाताला ते पुरते. पण प्रत्येकाची रचना सारखी नसते, हाड अपेक्षित रेषेवरच फुटेल ह्याची शाश्वती नसते, आणि तुटलेल्या हाडाची धारदार कडही धमनीला ओरखडा काढू शकते.

धमनी तिथल्या तिथे तुटली तर रक्त लगेच दिसते आणि शस्त्रवैद्य तेथेच बंदोबस्त करतो. घात करते ती अर्धवट दुखावलेली धमनी. शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे म्हणून भूल देणारे डॉक्टर रक्तदाब मुद्दाम उतरवून ठेवतात. जखमेत वाहिन्या आकुंचित करणारे औषध टोचलेले असते. दुखावलेली धमनी स्वतःही आकसून घेते. त्यामुळे तिच्या भिंतीला पडलेली चीर त्या वेळी वाहत नाही, आणि टेबलावर सर्व कोरडे दिसते. पुढे रुग्ण जागा होतो, हिंडूफिरू लागतो, रक्तदाब पूर्ववत होतो. चिरेतून झिरपलेले रक्त भोवतालच्या मांसात साठते आणि त्याच्याभोवती गोठलेल्या रक्ताची व नव्या पेशींची पातळ पिशवी तयार होते. ह्या पिशवीला धमनीची खरी भिंत नसते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती आतून ताणली जाते. वैद्यकशास्त्रात तिला मिथ्या धमनीविस्फार म्हणता येईल. बंधाऱ्यात मातीची डागडुजी केली आणि पाणी मागून रेटत राहिले, तशी ही अवस्था असते. आठवड्या-दीड आठवड्यात शरीर जुनी गुठळी विरघळवू लागते, एखादे वेळी तेथे जंतूंचा संसर्ग होतो, आणि पिशवी फुटते. वरच्या जबड्याच्या मागे जागा मोकळी असल्याने ते रक्त नाकातून किंवा घशातून बाहेर येते.

कॅनडातील डेव्हिड लॅनिगन व त्यांचे सहकारी ह्यांनी ठिकठिकाणच्या शस्त्रवैद्यांकडून अशा रुग्णांच्या हकीकती गोळा करून १९९० आणि १९९१ साली त्या प्रसिद्ध केल्या. उशिराचा रक्तस्राव बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होतो, क्वचित त्याही नंतर. वरच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो अधिक आढळतो. खालच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेतही हाडातून जाणारी धमनी किंवा जबड्याच्या कडेवरून चेहऱ्याकडे वळणारी धमनी दुखावू शकते. तेथे रक्त बाहेर न येता जिभेखाली वा मानेत साठून सूज वाढते आणि श्वास कोंडण्याचे भय असते. आणखी एक विचित्र प्रकार म्हणजे धमनी व शीर ह्यांच्यात आडवाट पडणे. रुग्णाला आपल्याच डोक्यात नाडीच्या ठेक्यावर घों-घों आवाज ऐकू येतो, कधी एक डोळा लाल होऊन पुढे येतो. हे भास म्हणून उडवून लावण्यासारखे नाही.

मोठ्या रक्तस्रावापूर्वी पुष्कळदा एक लहान रक्तस्राव होतो आणि आपोआप थांबतो, ही गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पहिले तीन-चार दिवस नाकातून तांबूस पाणी येणे, काळपट खपल्या पडणे, उशीवर डाग दिसणे हे स्वाभाविक होय; शस्त्रक्रियेत वरच्या जबड्यावरील पोकळीत साठलेले रक्त असेच निघून जाते. परंतु ते सर्व थांबून चार-पाच दिवस कोरडे गेल्यावर पुन्हा ताजे, लालभडक रक्त आले, मग ते वाटीभर का असेना आणि पाच मिनिटांत थांबलेले का असेना, तर ती सूचना समजावी. थांबले म्हणून निजू नये. आपल्या घरांतून नेमके उलट घडते. आजी म्हणते, उष्णता झाली. कांदा हुंगायला देतात, डोक्यावर थंड पाणी ओततात. रुग्ण स्वतः म्हणतो, उगाच मध्यरात्री कोणाला त्रास कशाला द्यावा. आपल्या लोकांचा हा सोशिकपणा मळ्यावरच्या पिढ्यांनी अंगी बाणविलेला आहे, आणि इतर अनेक प्रसंगी तो गुण ठरला आहे. येथे तो जिवावर बेतू शकतो.

अशा वेळी करावयाचे ते थोडके आहे. रुग्णास बसवावे, डोके किंचित पुढे झुकवावे आणि तोंडात येणारे रक्त भांड्यात थुंकू द्यावे. केल्सी फ्राय ह्यांच्या सैनिकाची गोष्ट येथे आठवावी. रक्त गिळल्यास ओकारी होते, आणि वरखाली रबराच्या कड्यांनी दात बांधलेले असता ओकारी होणे धोक्याचे. म्हणून कड्या कापण्यासाठी लहान कात्री पहिल्या दिवसापासून उशाशी ठेवावी आणि कोणत्या कड्या कापावयाच्या हे परिचारिकेकडून आधीच शिकून घ्यावे. नाकाचे मऊ टोक दाबून धरण्यास हरकत नाही, परंतु ज्या रक्ताचा उगम नाकाच्या पार मागे आहे ते पुढून दाबून सहसा थांबत नाही. रक्त जोराने वाहत असल्यास ९९९ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. थांबले असल्यासही त्याच दिवशी, ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथे कळवून, आपत्कालीन विभागात जावे. तेथे पहिल्याच वाक्यात सांगावे, की अमुक दिवसांपूर्वी जबड्याची शस्त्रक्रिया झाली आहे. नुसते नाकातून रक्त येते एवढेच सांगितले, तर शेजारी बसलेल्या साध्या घोळणा फुटलेल्या मुलाच्या रांगेत आपलाही क्रमांक लागण्याचा संभव असतो. घरातील वडील माणसास इंग्रजी अवघड जात असेल तर दुभाष्या मागावा, एन.एच.एस.मध्ये त्यासाठी रुग्णाला पैसे द्यावे लागत नाहीत.

रुग्णालयात प्रथम नाकात दाबपट्टी भरून किंवा फुगा फुगवून रक्त थोपवितात. मग शिरेत रंगद्रव्य सोडून धमन्यांचे क्ष-किरण चित्र घेतात आणि ती पिशवी कोठे आहे ते पाहतात. पूर्वी मानेत चीर देऊन मोठी धमनीच बांधून टाकीत. परंतु चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या वाहिन्या एकमेकींस जोडलेल्या असल्याने दुसऱ्या बाजूने रक्त येऊन स्राव पुन्हा सुरू होई. आता बहुधा आतूनच इलाज करतात. स्वीडनच्या सेल्डिंगर ह्यांनी १९५३ साली सुईच्या वाटेने धमनीत नळी घालण्याची सोपी रीत दाखविली. नाकातून न थांबणाऱ्या रक्तासाठी तिचा उपयोग सोकोलॉफ व सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. मांडीच्या वरच्या सांध्याजवळ किंवा मनगटात सुई टोचून, केसाहून थोडी जाड अशी नळी पडद्यावर पाहत पाहत थेट जबड्यामागील खळग्यापर्यंत नेतात, आणि दुखावलेली फांदी धातूच्या बारीक वेटोळ्यांनी वा कणांनी बुजवितात. ह्या कृतीस एम्बोलायझेशन म्हणतात. तिलाही जोखीम आहे: ह्या फांद्यांची डोळ्याकडे व मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्यांशी गुप्त जोडणी असू शकते, आणि एखादा कण तिकडे गेला तर दृष्टी जाण्याचे किंवा पक्षाघाताचे भय असते. म्हणून हे काम त्यात मुरलेल्या डॉक्टरांच्या हातीच सोपवितात. सुश्रुताने रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत: सन्धान, स्कन्दन, पाचन आणि दहन. म्हणजे जखम सांधणे, रक्त गोठविणे, ती भस्माने सुकविणे आणि डाग देऊन शीर आकसविणे. धमनीच्या आत जाऊन केलेले हे स्कन्दनच होय, असे एखाद्या वैद्याने म्हटले तर त्याला हसू नये.

औषधांत ट्रॅनेक्सॅमिक आम्लाचा उल्लेख केला पाहिजे. गुठळी लवकर विरघळू न देणारे हे द्रव्य जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो ह्या दांपत्याने शोधले आणि १९६२ साली जाहीर केले. लंडनच्या आरोग्यशास्त्र विद्यालयातून चालविलेल्या एका जगद्व्यापी पाहणीत २०,००० हून अधिक अपघातग्रस्तांवर त्याची परीक्षा झाली, आणि त्याने मृत्यू घटतात असे २०१० साली सिद्ध झाले. ती पाहणी अपघातांची होती. तरी जबड्याच्या शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे म्हणूनही हे औषध आता अनेक ठिकाणी देतात.

बराच बंदोबस्त शस्त्रक्रियेपूर्वीच होऊ शकतो, आणि त्यातील अर्धा रुग्णाच्या हाती असतो. दात काढल्यावर दिवसभर रक्त वाहिले होते काय, आई किंवा मावशीला मासिक धर्मात अतिशय रक्तस्राव होत असे काय, घरात कोणास सहज काळेनिळे वण उठतात काय, हे प्रश्न डॉक्टर विचारतात तेव्हा लाजेने खोटे उत्तर देऊ नये. १९२६ साली फिनलंडच्या व्हॉन विलेब्रांड ह्यांनी वर्णिलेला, रक्त नीट न गोठण्याचा रोग घराण्यात चालत येतो आणि पुष्कळदा अशा एखाद्या शस्त्रक्रियेतच प्रथम उघडकीस येतो. त्याचप्रमाणे अ‍ॅस्पिरिन, आणि घरोघरी निरुपद्रवी समजून घेतल्या जाणाऱ्या लसूण, आले, हळद ह्यांच्या गोळ्या, ह्यांची यादी आधी देऊन ठेवावी. आमटीतील हळदीबद्दल कोणी तक्रार करीत नाही. प्रश्न बाटलीतील गोळ्यांचा आहे. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडून शिंकावे, जड ओझे उचलू नये. आणि लग्नसराईत मॉरिशसला जाण्याचे तिकीट काढले असेल तर ते शस्त्रवैद्यास विचारल्याशिवाय वापरू नये. लंडनहून तेथे पोहोचावयास अर्धा दिवस विमानात जातो, आणि हिंदी महासागरावर आपत्कालीन विभाग नाही.

संभाव्य धोके रुग्णास सांगावेत की नाही, ह्याबद्दल पूर्वी डॉक्टरांचे मत प्रमाण मानीत. स्कॉटलंडातील माँटगोमेरी विरुद्ध लॅनार्कशर ह्या खटल्यात लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निर्णय दिला, की समंजस रुग्णाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो त्याला सांगितलाच पाहिजे. तेव्हा दुसऱ्या आठवड्यात रक्त आले तर रात्री कोणत्या क्रमांकावर बोलावयाचे, आणि धमनी आतून बंद करण्याची सोय ह्याच रुग्णालयात आहे की दुसरीकडे न्यावे लागेल, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. सही करण्यापूर्वीच ते विचारावे.

शेवटी एक गोष्ट खास आपल्या लोकांपुरती. मोठा रक्तस्राव झाला म्हणजे रक्त चढवावे लागते. १९५२ साली मुंबईचे डॉ. भेंडे, देशपांडे व भाटिया ह्यांनी लंडनच्या लिस्टर संस्थेतील शास्त्रज्ञांसह लॅन्सेट ह्या पत्रात एका नव्या रक्तगटाची वार्ता दिली. तीन व्यक्तींचे रक्त साध्या तपासणीत ओ गटाचे दिसे, पण ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. कारण ओ गटाच्या रक्तकणांवर जे मूलद्रव्य असते तेच त्यांच्या ठिकाणी नव्हते. त्यास बॉम्बे रक्तगट असे नाव पडले. भारतात तो सुमारे दहा हजारांत एकाच्या शरीरात आढळतो, युरोपीय लोकांत त्याहून कितीतरी विरळा. गिरमिटाच्या करारावर रेयुन्यों बेटावर गेलेल्या हिंदी मजुरांच्या वंशजांत तो असल्याचे फ्रेंच संशोधकांनी १९८२ साली दाखविले. म्हणजे जहाजावरील नोंदवहीत गाव, जात आणि अंगावरील खुणा लिहिल्या गेल्या, आणि ही एक खूण न लिहिताच समुद्रापार गेली. अशा व्यक्तीस ओ गटाचे रक्त चढविल्यास प्राणसंकट ओढवते. आधुनिक प्रयोगशाळेत रक्त देण्यापूर्वी जी दुसरी तपासणी होते तिच्यात हा भेद उघड होतो, पण तिला वेळ लागतो, आणि जुळणारे रक्त मिळविण्यास त्याहून अधिक. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत रक्ताचा नमुना देण्यास टाळाटाळ करू नये, आणि कुटुंबात कोणाच्या रक्ताबद्दल डॉक्टरांनी कधी काही विशेष सांगितले असेल तर ते त्याच वेळी कळवावे. ब्रिटनच्या रक्तसेवेत दुर्मिळ गटांचे रक्त गोठवून साठविण्याची व्यवस्था आहे. हा गट आई व बाप दोघांकडून आल्याखेरीज प्रकट होत नाही, आणि एका भावंडात तो निघाला तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याचा संभव चारांत एक असतो. तेव्हा रक्तदाता शोधताना भावाबहिणींची तपासणी आधी करावी लागते, मग ती क्रॉयडनला राहत असोत की वाक्वाला.